खुरांच्या खुणा

मागे एकदा अमेरिकेतल्या युटा राज्यात कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. चांगला फोटो मिळावा म्हणून पायवाट सोडून चार पावलं आत शिरलो, तोच एक रेंजरबाई ओरडल्या. पायाखाली करपलेल्या भाकरीसारखा काळपट पापुद्रा होता. मी त्याला वाळलेली माती समजत होतो. बाई म्हणाल्या, ती जिवंत आहे!

त्यात असतात सायनोबॅक्टेरिया, म्हणजे आपल्या भातखाचरातल्या नीलहरित शेवाळाचे भाऊबंद. जोडीला मॉस आणि दगडफुलाच्या जातकुळीतली लायकेन. काहींचे चिकट धागे वाळू बांधून ठेवतात, तर नॉस्टॉकसारखे काही हवेतला नायट्रोजन पकडून त्याचं खत करतात. ज्या विकरामुळे हे जमतं त्याला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून नॉस्टॉक त्या कामासाठी जाड भिंतींच्या वेगळ्या पेशी राखतो. ओल आली की कारखाना सुरू, वाळलं की बंद. (भातशेतीतलं हेच काम १९३९ साली दाखवून दिलं ते आपल्या पी. के. डे यांनी.)

या पठारावर रानगव्यांचे मोठे कळप कधी नव्हतेच. त्यामुळे पापुद्र्याला खुरांची सवय नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोऱ्या वसाहतवाल्यांची गुरं-मेंढरं आली. कुरण सरकारी, म्हणजे जो आधी पोचेल त्याचं! १९३४च्या टेलर ग्रेझिंग कायद्यापर्यंत त्याला फारसा लगाम नव्हता. शेजारच्या कोलोरॅडोतल्या सान हुआन पर्वतातल्या तळ्यांचा गाळ तपासून २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं, की वसाहती वाढल्यावर तिथे पडणारी धूळ पूर्वीच्या सरासरीपेक्षा ५०० टक्क्यांनी वाढली होती.

लहानपणी आमच्या शेतात वडील धनगरांच्या मेंढ्या बसवत. जनावर बसलं की जमिनीला खत मिळतं, हे डोक्यात पक्कं. इथे उलटंच! खुरांनी धागे तुटतात, वाळूखाली गाडले जातात, ऊन मिळत नाही, आणि खताचा कारखानाच बसतो.

१९६४ साली उद्यान झालं, पुढे चराईही थांबली. २००५ साली जेसन नेफ, जेन बेलनॅप आणि सहकाऱ्यांनी याच भागात, गुरं कधीच न पोचलेल्या जमिनीशी तुलना केली. चराई थांबून जवळजवळ ३० वर्षं झाली होती, तरी चरलेल्या जमिनीच्या वरच्या थरात नायट्रोजन आणि कार्बन ६० ते ७० टक्के कमी निघाला.

मी आलो त्याच पावलांवर पाय ठेवत परत फिरलो. फोटो छान आलाय. खालच्या कोपऱ्यात माझ्या बुटाचा ठसा मात्र स्पष्ट दिसतो.