जपानी नटचित्रांवरील शिक्के

नुसता चंद्र व महिना लिहिलेलें पत्र हातीं आलें म्हणजे त्याचा सन ठरविण्यास काय श्रम पडतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. जपानांतील काबुकी नटांचीं लांकडी ठशांचीं रंगीत चित्रें पाहतांना हीच अडचण येते. सालाचा आंकडा त्यांवर सहसा नसतो. लहान शिक्के मात्र असतात, व ते आम्हांस चित्राइतकेच मोलाचे वाटतात.

इ. स. १७९० नंतर एदो (हल्लींचें तोक्यो) शहरांत चित्राचा नमुना छापण्यापूर्वीं तपासून घ्यावा लागे. १८५२ पासून या मंजुरीसोबत तारखेचाही शिक्का येऊं लागला. त्यांत वर्षाचा प्राणी व महिन्याचा आंकडा असे; अधिक मासास निराळें अक्षर. आमच्या संवत्सरचक्राचेंच हें धाकटें भावंड, पण साठांऐवजीं बारा वर्षांनीं नांव परत येत असल्यानें घोटाळा अधिक. वाघाचें वर्ष १८५४ तसेंच १८६६. तथापि पहिल्यांत ‘आरातामे’ म्हणजे ‘तपासलें’ हा शिक्का व तारीख निरनिराळीं असतात, दुसऱ्यांत तीं एकाच शिक्क्यांत येतात. महिना ठरला कीं त्या महिन्याचा खेळ व नटाची भूमिका शोधतां येते.

१८४२ त सरकारनें नटचित्रांस मनाई केली. त्याच वर्षीं सातवा इचिकावा दांजूरो हा नट डामडौलाबद्दल एदोंतून हद्दपार झाला. पुढें मनाई सैल पडली तरी बरींच वर्षें नटाचें नांव छापीत नसत. गिऱ्हाइकें चेहऱ्यावरून, किंवा एकांत एक ठेवलेल्या तीन चौकोनी मापांच्या इचिकावा-चिन्हावरून नट ओळखीत. सातव्याचा पुत्र आठवा दांजूरो यानें १८५४ त ओसाका येथें आत्महत्या केली, तेव्हां शोकचित्रांचा पूर लोटला. त्यांपैकीं पुष्कळांवर शिक्काच नाहीं, कारण छापणारांस परवान्यापुरताही धीर नव्हता. अशा चित्रांस शिक्क्याच्या अभावीं बनावट ठरविणें आम्हांस मान्य नाहीं; येथें अभाव हाच पुरावा होय.

दुर्दैवानें वहींत बसविण्यासाठीं कित्येक चित्रांच्या कडा कातरल्या गेल्या, व कडेचे शिक्के त्यांबरोबर गेले.

मनाईनंतरच्याच वर्षीं, १८४३ त, सांगलीस विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ केलें. आमच्या नाटकांचीं जुनीं हस्तपत्रकें चाकूर, उदगीर, नांदेड या बाजूस कोणाच्या रुमालांत सांपडल्यास तळाची ओळ कातरूं नये. १८६७ च्या कायद्यानें ब्रिटिश मुलुखांत छापखान्याचें नांव व ठिकाण छापणें भाग होतें. निजामाच्या राज्यांतील चाकुरास तो कायदा लागू नव्हता. म्हणून पत्रक कोठून आलें याचा पहिला शोध त्या ओळींतच घ्यावयाचा.