फ्लार्म : ग्लायडरमधील टक्करसूचक उपकरण

फ्लार्म हे ग्लायडर व इतर हलक्या विमानांत बसवले जाणारे रेडिओ उपकरण असून हवेत टक्कर होण्याचा संभव दिसताच ते वैमानिकाला आगाऊ इशारा देते. ‘फ्लाइट’ आणि ‘अलार्म’ या दोन शब्दांवरून त्याचे नाव पडले. मूळचे स्वित्झर्लंडमधील हे उपकरण आल्प्सच्या परिसरात प्रथम रुजले आणि तेथून युरोपभर पसरले. युरोपातील ग्लायडिंग क्लबांत हे व्यापारी नाव आता अशा उपकरणाचे सामान्यनामच झाले आहे.

गरज : ग्लायडरला इंजिन नसते. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा, म्हणजे थर्मल, किंवा डोंगरउतारावर आपटून वर वळणारा वारा यांच्या आधारे तो उंची मिळवतो. अशा जागा थोड्या असतात, त्यामुळे ग्लायडर नेमके तेथेच एकत्र येतात. घारी जशा एकाच थर्मलमध्ये घिरट्या घालतात, तसेच स्पर्धेच्या दिवशी अनेक ग्लायडर एका थर्मलमध्ये एकमेकांच्या वर-खाली फिरत असतात. मोकळ्या आकाशात टक्कर व्हावी कशी, हा प्रश्न म्हणूनच ग्लायडिंगला लागू पडत नाही.

त्यात ग्लायडर दिसायलाही कठीण. उन्हाने प्लास्टिकची बांधणी तापू नये म्हणून तो पांढरा रंगवतात आणि तोच रंग ढगांच्या किंवा बर्फाच्या पार्श्वभूमीवर लपतो. समोरून पाहिले तर जेमतेम पाऊण मीटर रुंदीचे धड आणि पंखांची बारीक रेघ एवढेच दिसते. ताशी १५० किमी. वेगाने समोरासमोर येणारे दोन ग्लायडर दर सेकंदाला सुमारे ८३ मी. जवळ येतात, म्हणजे दीड किलोमीटरचे अंतर १८ सेकंदांत संपते. दुसरे विमान दिसणे, टक्कर होणार हे ओळखणे, निर्णय घेणे आणि विमान प्रत्यक्ष वळणे यांस मिळून सुमारे १२·५ सेकंद लागतात, असे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचे मार्गदर्शन सांगते. वैमानिकाच्या हाती उरणारा वेळ किती थोडा असतो, हे यावरून कळते.

प्रवासी विमानांतील टीकॅस ही टक्कररोधक यंत्रणा येथे चालत नाही. ती जड व महाग असून तिला वीजही बरीच लागते. शिवाय ती सरळ जाणाऱ्या आणि एकमेकांपासून दूर राहणाऱ्या विमानांसाठी आखलेली आहे. शंभर-दोनशे मीटरांवर मुद्दाम एकत्र घिरट्या घालणाऱ्या ग्लायडरांत ती अखंड वाजतच राहील.

इतिहास : उर्स रोथाखर आणि आन्द्रेया श्लापबाख या स्विस ग्लायडर वैमानिकांनी २००३ मध्ये या कामाला आरंभ केला, पुढे उर्बान मेडर त्यांना येऊन मिळाले. पहिली उपकरणे २००४ मध्ये वापरात आली. असे उपकरण एकट्याने घेऊन भागत नाही. शेजाऱ्याकडेही ते असावे लागते. ग्लायडिंगचे जग लहान आणि क्लबांभोवती बांधलेले असल्याने ही अडचण लवकर दूर झाली. इतर उत्पादकांनाही हे तंत्र परवान्यावर मिळाले आणि वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी बोलू लागली. पुढे आलेल्या पॉवरफ्लार्म या पिढीत अधिक पल्ला आणि ट्रान्सपाँडरचे, म्हणजे विमानाची ओळख व उंची रेडिओवरून कळवणाऱ्या उपकरणाचे, संदेश ऐकण्याची सोय आली.

कार्यपद्धती : उपकरणात जीपीएस ग्राहक, हवेचा दाब मोजणारा संवेदक, छोटा रेडिओ प्रेषक-ग्राहक आणि गणन करणारा प्रोसेसर असतो. विमानाचे स्थान, वेग व उंची यांवरून पुढील काही सेकंदांचा मार्ग काढून ते साधारण दर सेकंदाला एकदा प्रसारित करते. आसपासचे प्रत्येक उपकरण तो संदेश ऐकते, स्वतःच्या भावी मार्गाशी ताडून पाहते आणि धोका असेल तरच बोलते. ग्लायडर थर्मलमध्ये गोल फिरत आहे हे ते ओळखते आणि त्याचा पुढचा मार्ग वक्र धरते. त्यामुळे नुसते जवळ असणे आणि खरोखर टकरीच्या वाटेवर असणे यांत ते फरक करू शकते.

युरोपात हे प्रसारण ८६८ मेगाहर्ट्झच्या परिसरातील विनापरवाना पट्ट्यात आणि अमेरिकेत ९१५ मेगाहर्ट्झच्या परिसरात होते. प्रेषणाची शक्ती मोजक्या मिलिवॅटची असते. जुन्या उपकरणांचा पल्ला साधारण ३ ते ५ किमी. असून पॉवरफ्लार्मचा चांगल्या बसवणुकीत १० किमी.च्या पुढे जातो. मनोरे, विजेच्या तारा, रज्जुमार्गांचे दोर अशा स्थिर अडथळ्यांची यादीही उपकरणात भरता येते. आल्प्सच्या दऱ्यांत तिचे मोल मोठे आहे, कारण दरीवर ताणलेला दोर दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

पॉवरफ्लार्म १०९० मेगाहर्ट्झवरील एडीएस-बी संदेश, म्हणजे विमानाने स्वतःचे स्थान सांगणारे प्रसारण, ऐकून इंजिनाच्या विमानांचे स्थानही दाखवतो. केवळ साधा ट्रान्सपाँडर असलेल्या विमानाची मात्र दिशा त्याला कळत नाही. संदेशाच्या तीव्रतेवरून अंदाजे अंतर आणि उंचीतील फरक एवढेच तो सांगू शकतो.

बसवणूक : बसवणुकीत खरा कस अँटेनाच्या जागेचा लागतो. ग्लायडरच्या बांधणीतील काचतंतू रेडिओलहरी आरपार जाऊ देतात, कार्बन तंतू त्या अडवतात. कार्बनच्या धडात आत लावलेल्या अँटेनाला कॉकपिटच्या काचेतून जेवढे दिसते तेवढेच दिसते. त्यामुळे अँटेना सहसा उपकरणफलकावरील आच्छादनाच्या वर, उभी आणि धातूच्या वस्तू, तारा व होकायंत्र यांपासून दूर बसवतात. ८६८ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी सुमारे ८·६ सेंमी. आणि अर्धी सुमारे १७ सेंमी. भरते, अँटेनाचा आकार त्यावरून ठरतो. ती वाकवू नये, आडवी करू नये किंवा कापू नये. वैमानिकाचे शरीरही या लहरी शोषते आणि त्यामुळे मागच्या बाजूस सावली पडते. ही उणीव भरून काढण्यासाठी पॉवरफ्लार्मला दुसरी अँटेना जोडता येते. ती अशा ठिकाणी बसवावी की पहिलीला न दिसणारा भाग तिला दिसेल. जीपीएसची अँटेना वेगळी असल्यास ती सपाट आणि आकाशाकडे तोंड करून ठेवतात.

रेडिओचा एक नियम येथे ध्यानात ठेवावा लागतो. अँटेना ज्या दिशेला नीट ऐकत नाही, त्या दिशेला ती नीट बोलतही नाही. परिणामी एका ग्लायडरमधील वाईट बसवणूक त्या बाजूने येणाऱ्या दुसऱ्यालाही आंधळे करते, मग त्याचे उपकरण कितीही उत्तम असो.

वीज ग्लायडरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून, फ्यूजमार्गे देतात. उपकरणाच्या जोडणीतून नकाशासंगणक व वेगळा दर्शक यांना माहिती पुरवता येते. त्यानंतर उपकरणात विमानाचा प्रकार आणि २४ बिटांचा आंतरराष्ट्रीय विमान-पत्ता भरावा लागतो. ग्लायडरमध्ये ट्रान्सपाँडर असेल तर दोन्हींत एकच पत्ता हवा, नाहीतर उपकरण स्वतःच्याच ट्रान्सपाँडरला परके विमान समजून इशारे देत राहते. युरोपीय संघाच्या विमान सुरक्षा संस्थेने ठरवून दिलेल्या प्रमाणित बदलांच्या यादीत फ्लार्मच्या बसवणुकीचा समावेश आहे, त्यामुळे प्रत्येक ग्लायडरसाठी स्वतंत्र मंजुरीची खटपट वाचते. उड्डाणांच्या नोंदीची फाइल उत्पादकाच्या विश्लेषण-साधनात घातली, की कोणत्या दिशेला किती पल्ला मिळतो याचा आलेख निघतो. बसवणूक चांगली झाली की नाही, याचा पुरावा म्हणजे हा आलेख.

वापर : उड्डाणापूर्वी उपकरण काही मिनिटे आधी सुरू करून जीपीएसचे स्थान मिळाल्याची खात्री करतात. सर्व उपकरणांची आज्ञावली एकमेकांशी जुळणारी राहावी म्हणून ती किमान वर्षातून एकदा अद्ययावत करावी लागते; अडथळ्यांची यादीही वेळोवेळी बदलावी लागते.

इशाऱ्याच्या तीन पायऱ्या असतात. पहिली संभाव्य टकरीच्या साधारण १८ सेकंद आधी सुरू होते आणि शेवटची, सर्वांत तातडीची, सुमारे ८ सेकंद उरल्यावर. पायरी चढते तसा आवाज आणि दिव्यांची उघडझाप तीव्र होते. दर्शकावरील दिव्यांचे वर्तुळ धोका कोणत्या बाजूला आहे ते दाखवते आणि उभी ओळ तो वर आहे की खाली ते सांगते. ही दिशा जीपीएसवरून काढलेल्या जमिनीवरील मार्गाच्या तुलनेत असते. आडव्या वाऱ्यात ग्लायडरचे नाक मार्गापासून तिरके राहते, तेव्हा दिवा आणि प्रत्यक्ष दिसणारे विमान यांत तेवढाच कोन पडतो. अनुभवी वैमानिक म्हणून दिव्याच्या दोन्ही बाजूंना थोडे अधिक पाहतात.

टीकॅसप्रमाणे ‘वर जा’ किंवा ‘खाली जा’ अशी आज्ञा फ्लार्म देत नाही. काय करायचे ते वैमानिकानेच, दुसरे विमान डोळ्यांनी शोधून, ठरवायचे असते. आवाज झाला की दर्शकाकडे क्षणभर पाहून नजर लगेच बाहेर न्यावी, असे शिकवले जाते. वाटेचे नियमही तेच राहतात : समोरासमोर आल्यास दोघांनी उजवीकडे वळावे, थर्मलमध्ये नव्याने शिरणाऱ्याने आधीच्याच्या दिशेने फिरावे, डोंगरकड्यालगत समोरासमोर आल्यास ज्याच्या उजव्या हाताला उतार आहे त्याला वाट द्यावी.

स्पर्धांत उपकरणाचा आणखी एक उपयोग निघाला. पुढे गेलेला प्रतिस्पर्धी किती वेगाने चढतो आहे, हे पडद्यावर दिसू लागले. सुरक्षेचे साधन डावपेचांसाठी वापरले जाऊ नये म्हणून दूरच्या विमानांची माहिती झाकणारी पद्धत उपकरणात ठेवली आहे. तीत टकरीचे इशारे पूर्ववत चालू राहतात.

आनुषंगिक उपयोग : उपकरण उड्डाणाची नोंद ठेवते. ग्लायडर बेपत्ता झाल्यास आसपास उडालेल्या इतर ग्लायडरांच्या नोंदींतून त्याचे शेवटचे ऐकलेले स्थान काढता येते आणि शोधपथकाला दिशा मिळते. हौशी मंडळींनी चालवलेले ओपन ग्लायडर नेटवर्क जमिनीवरील ग्राहकांतून हे संदेश टिपून ग्लायडरांची स्थाने जवळपास त्याच वेळी नकाशावर दाखवते. तेथे दिसू नये असे वाटणाऱ्याला तशी इच्छा उपकरणात नोंदवता येते.

मर्यादा : ज्याच्याकडे सुसंगत उपकरण नाही, तो फ्लार्मला दिसत नाही. पॅराग्लायडर, फुगे, जुनी हलकी विमाने आणि पक्षी यांपैकी बरेच या वर्गात मोडतात. जीपीएसचे संकेत तुटले, अँटेनाच्या सावलीतून कोणी आले किंवा कोणी अचानक वळले, तर इशारा उशिरा मिळतो किंवा मिळतच नाही. दाटीच्या थर्मलमध्ये इशारे वारंवार येऊन कान त्यांना सरावतात, हाही धोका आहे. विमान वाहतुकीच्या नियमांनी बाहेर पाहून टक्कर टाळण्याचे सोपवलेले कर्तव्य या उपकरणामुळे कमी होत नाही. शांत असलेला फ्लार्म एवढेच सांगतो, की त्याला काही ऐकू आलेले नाही.