एटिकोप्पाका येथील लाकडी भोवरे

आंध्र प्रदेशात वराह नदीच्या काठी वसलेल्या एटिकोप्पाका (अनकापल्ली जिल्हा, २०२२ पूर्वी विशाखापटनम जिल्हा) या गावी लाकूड कातून व लाखेने रंगवून खेळणी करण्याची जुनी परंपरा आहे. त्यांपैकी भोवरा (तेलुगू नाव ‘बोंगरम्’) हा कातकामाची खरी कसोटी पाहणारा प्रकार होय. बाहुलीच्या आकारातील किंचित दोष खपून जातो. भोवऱ्याचे वस्तुमान मात्र अक्षाभोवती सर्व बाजूंना सारखे विभागलेले नसल्यास तो डुगडुगतो आणि लवकर पडतो.

भोवऱ्यासाठी अंकुडू म्हणजेच काळा कुडा (राइटिया टिंक्टोरिया) या वृक्षाचे पांढरट, मऊ व बारीक पोताचे लाकूड वापरतात. याच वृक्षाच्या पानांपासून पूर्वी दक्षिण भारतात निळा रंग काढीत. वाळलेला ठोकळा लेथवर चढवून पटाशीने कातल्यावर, तो फिरत असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर तिचा पातळ थर बसतो. त्यावर केवड्याचे पान घासले, की थर एकसारखा होऊन चकाकी येते; कुंचला वा वॉर्निश लागत नाही. सावंतवाडीच्या खेळण्यांतही लाखकामाची परंपरा असल्याने ही रीत मराठी वाचकांना अगदीच अपरिचित नाही.

लेथ पूर्वी हाताने दोरी ओढून फिरवीत; पुढे विजेची मोटर आली. भोवऱ्याच्या दृष्टीने या बदलाची खंत करण्याचे कारण नाही. रंगांतील बदल मात्र घातक ठरला. विसाव्या शतकात स्वस्त रासायनिक रंगांनी वनस्पतिज रंगांना मागे सारले. मुले खेळणी तोंडात घालतात, त्यामुळे शिसेयुक्त रंगांचा धोका उघड होता. शतकाच्या अखेरच्या दशकांत सी. व्ही. राजू यांनी गावातील कारागिरांना बरोबर घेऊन हळद, शेंद्री, नीळ इत्यादींचे रंग लाखेत मिसळण्याचे प्रयोग केले व जुनी पद्धत पुन्हा रूढ केली. या कार्यासाठी त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

या खेळण्यांना २०१७ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह सक्तीचे करणारा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यातून नोंदणीकृत हस्तकारागिरांना व अशा निर्देशांकप्राप्त खेळण्यांच्या अधिकृत वापरकर्त्यांना वगळण्यात आले. ही सवलत आवश्यकच होती, परंतु तिच्यामुळे रंग निर्धोक राखण्याची जबाबदारी सर्वस्वी कारागिरावर आली. लाकडाचा प्रश्न याहून बिकट आहे. अंकुडू मुख्यत्वे आसपासच्या जंगलांतून आणला जाई. तोडीच्या मानाने लागवड न झाल्याने तो दुर्मिळ होत गेला असून, लाकडासाठी कारागिरांना आता अधिक दूर जावे लागते.