ग्रीन कार्डची रांग इतकी लांब का? भारतीयांसाठी अडलंय नेमकं कुठे?

‘अमेरिकेने ग्रीन कार्डवरची देशनिहाय मर्यादा हटवली, भारतीयांना मोठा दिलासा!’ अशी पोस्ट अधूनमधून कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असते. ज्यांची मुलं, भाऊ-बहिणी तिकडे आहेत, ते ती लगेच पुढे पाठवतात.

मर्यादा हटलेली नाही. ती १९९० च्या कायद्यातली आहे आणि अजूनही तशीच आहे. पण पोस्ट अगदीच हवेतून आलेली असते असंही नाही. ही मर्यादा काढण्याचं विधेयक अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात दोनदा प्रचंड बहुमताने मंजूर झालं होतं. तरीही कायदा झाला नाही. का, हे समजायला आधी रांगेचं गणित समजून घ्यावं लागेल.

बाहेरचं फाटक रुंद, आतला दरवाजा अरुंद

ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्ड देता येतात. हा आकडा १९९० मध्ये ठरला. तेव्हा हिंजवडीत आयटी पार्क नव्हतं, भारतात मोबाइल फोन नव्हता. त्यानंतर अमेरिकेची अर्थव्यवस्था कितीतरी पटींनी वाढली, आकडा मात्र तिथेच राहिला.

शिवाय या १ लाख ४० हजारांत कर्मचाऱ्याची पत्नी किंवा पती आणि मुलंही मोजली जातात. चौकोनी कुटुंबाला चार कार्डं लागतात. त्यामुळे निम्म्याहून अधिक कार्डं कुटुंबीयांच्या वाट्याला जातात आणि प्रत्यक्ष कर्मचाऱ्यांसाठी ७० हजारही उरत नाहीत.

या कार्डांचे पाच गट आहेत. आपल्याकडच्या बहुतेकांचा संबंध येतो तो ईबी-२ आणि ईबी-३ या गटांशी. ईबी-२ हा ढोबळमानाने पदव्युत्तर शिक्षण किंवा पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव असणाऱ्यांचा, तर ईबी-३ हा पदवीधर आणि कुशल कामगारांचा गट. प्रत्येकाला वर्षाला सुमारे ४० हजार कार्डं मिळतात. त्यावर सात टक्क्यांचा नियम लागतो. एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्क्यांपेक्षा जास्त वाटा मिळत नाही. इतर देशांची कार्डं शिल्लक राहिली तरच त्यातली काही पुढे सरकतात. म्हणजे ईबी-२ मध्ये भारतात जन्मलेल्यांच्या हक्काची कार्डं वर्षाला २,८०० च्या आसपास, तीही कुटुंबीयांसह. चार लाखांहून कमी लोकसंख्येच्या आइसलँडलाही हीच मर्यादा आहे.

दुसऱ्या बाजूला, एच-१बी या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर देशनिहाय मर्यादा नाही. दरवर्षी ८५ हजार नवे एच-१बी दिले जातात आणि अलीकडच्या वर्षांत एकूण एच-१बी मंजुऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक भारतीयांच्या आहेत. माणसं हजारोंनी आत घ्यायची आणि पुढच्या दरवाजातून चिमूटभर सोडायची, म्हटल्यावर मधल्या अंगणात गर्दी होणारच.

आणखी एक गोष्ट. इथे नागरिकत्व मोजलं जात नाही, जन्मस्थान मोजलं जातं. नाशिकला जन्मलेल्या माणसाने कॅनडाचं नागरिकत्व घेतलं तरी तो भारताच्याच रांगेत राहतो. पण त्याची पत्नी नोकरदार आई-वडिलांच्या पोटी दोह्यात जन्मलेली असेल, तर दोघांनाही कतारच्या कोट्यातून अर्ज करता येतो आणि रांग बहुतेक वेळा एकदम संपते. त्यामुळे ‘आखातात जन्मलेली मुलगी बघा’ हा तिकडच्या मराठी मुलांमधला विनोद पूर्णपणे विनोद नाही.

तारीख मागेही जाते

कंपनीने तुमच्यासाठी पहिला अर्ज, म्हणजे बहुतेकदा श्रम खात्याकडचा, ज्या दिवशी केला ती तुमची ‘प्रायॉरिटी डेट’. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ काढतं आणि कुठल्या तारखेपर्यंतच्या लोकांना कार्ड मिळू शकतं ते सांगतं. २०२५ मध्ये ईबी-२ च्या भारतीय रांगेत ही तारीख २०१२-१३ च्या आसपास घुटमळत होती. म्हणजे ज्यांचा नंबर लागत होता, त्यांनी बारा वर्षं काढली होती.

ही तारीख पुढेच जाते असंही नाही. कोविडच्या काळात परदेशातले दूतावास बंद असल्याने नातेवाइकांसाठीची बरीच ग्रीन कार्डं शिल्लक राहिली आणि कायद्याप्रमाणे ती पुढच्या वर्षी नोकरीच्या गटांकडे आली. २०२२ मध्ये भारतीय ईबी-२ ची तारीख डिसेंबर २०१४ पर्यंत पोहोचली. २०२३ मध्ये ती परत जानेवारी २०११ वर आणून ठेवली गेली. २०१३ ची तारीख असलेल्या ज्यांचा अर्ज तोवर निकाली निघाला नाही, त्यांच्या तोंडचा घास गेला. आधीच्या, म्हणजे २०२१ च्या आर्थिक वर्षात तर सुमारे ६६ हजार कार्डं सरकारी यंत्रणेला वेळेत वाटताच आली नाहीत आणि ती वाया गेली. एकीकडे लाखोंची रांग, दुसरीकडे न वाटलेली कार्डं.

कॅटो इन्स्टिट्यूट या वॉशिंग्टनमधल्या संस्थेने २०२३ मध्ये हिशोब केला तेव्हा नोकरीच्या आधारावरच्या प्रलंबित प्रकरणांचा आकडा १८ लाख होता. त्यातले सुमारे ११ लाख भारतीय. आज नव्याने रांगेत उभ्या राहणाऱ्या भारतीयाला १३४ वर्षं लागतील, असंही त्यात म्हटलं होतं. सोशल मीडियावर हा आकडा फार फिरतो, पण तो जपून वाचायला हवा. तो एक भागाकार आहे. प्रत्यक्षात अनेक जण कंटाळून निघून जातील, काही दुसऱ्या मार्गाने कार्ड मिळवतील, काहींचा मृत्यू होईल.

वाट पाहणं म्हणजे नुसतं थांबणं नव्हे

एच-१बी साधारण सहा वर्षांचा असतो. ग्रीन कार्डचा अर्ज एका टप्प्यापर्यंत मंजूर झाला असेल तर तो पुढे वाढवत राहता येतो, हे २००० च्या एका कायद्यामुळे शक्य झालं. पण नोकरी बदलली की श्रम खात्यापासूनची कागदपत्रं बहुतेकदा नव्याने करावी लागतात. जुनी तारीख सहसा टिकते, पण नव्या कंपनीची तयारी हवी. नोकरी गेली तर ६० दिवसांत नवी कंपनी शोधायची, व्हिसाचा प्रकार बदलायचा किंवा देश सोडायचा. घराचे हप्ते चालू असले तरी, मूल सातवीत असलं तरी. पगारवाढ मागताना किंवा वरिष्ठाला नाही म्हणताना हे सगळं डोक्यात असतं. एका कंपनीला बांधलेला कामगार तिथल्या अमेरिकन सहकाऱ्याच्या पगारालाही खाली ओढतो. रांग लवकर संपावी असं म्हणण्यामागचं माझ्या मते सर्वांत भक्कम कारण हेच आहे, आणि ते फक्त भारतीयांच्या सोयीचं नाही.

मुलांचं आणखी अवघड. दोन-तीन वर्षांची असताना अमेरिकेत आलेली मुलं २१ वर्षांची झाली की आई-वडिलांच्या अर्जातून बाहेर पडतात. अर्जाच्या तपासणीत गेलेले काही दिवस वयातून वजा होतात, पण दशकभराच्या रांगेपुढे ते पुरत नाहीत. मग विद्यार्थी व्हिसा घ्यायचा, नाहीतर न आठवणाऱ्या देशात परतायचं. तात्पुरत्या व्हिसावरच्या पालकांबरोबर वाढलेली अशी सुमारे अडीच लाख मुलं असल्याचं त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संघटना सांगतात.

फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्सस राज्यातल्या ओलेथ गावात श्रीनिवास कुचिभोतला या इंजिनिअरची वंशद्वेषातून गोळ्या घालून हत्या झाली. त्यांच्या पत्नी सुनयना दुमाला यांचा व्हिसा पतीवर अवलंबून होता. पतीच्या मृत्यूबरोबर त्यांचा अमेरिकेत राहण्याचा आधारही गेला. तिथले प्रतिनिधी केव्हिन योडर यांच्या मदतीने त्या परतू शकल्या आणि पुढे रांगेतल्या कुटुंबांसाठी जाहीरपणे बोलू लागल्या.

मग कायदा का होत नाही?

नोव्हेंबर २०११ मध्ये मर्यादा काढण्याचं विधेयक प्रतिनिधीगृहात ३८९ विरुद्ध १५ मतांनी मंजूर झालं. जुलै २०१९ मध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही आपली आवृत्ती एकमताने मंजूर केली, पण दोन्ही सभागृहांचे मसुदे वेगळे होते. ते जुळण्याआधीच संसदेची मुदत संपली. २०२२ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा तयारी झाली, पण विधेयक मतदानालाच आलं नाही. तेव्हापासून भिजत घोंगडं पडलंय.

विरोध करणारे सगळेच परदेशी लोकांच्या विरोधातले नाहीत. एकूण कार्डं तेवढीच ठेवून फक्त मर्यादा काढली, तर पहिली काही वर्षं बहुतेक कार्डं भारतीयांना जातील आणि इराण, ब्राझील, नायजेरियाच्या लोकांना लांब रांग लागेल. २०१९ मध्ये सिनेटर रँड पॉल यांनी परदेशी नर्सेसची कार्डं अडतील म्हणून विधेयक रोखलं होतं. डिक डर्बिन यांचं म्हणणं होतं की रांग खरी संपवायची तर एकूण आकडाच वाढवा.

डर्बिन यांचा मुद्दा पटतो. जन्मस्थानावरून रांग लावणं अन्यायाचं आहे, पण नुसती मर्यादा काढून अन्यायाचा पत्ता बदलेल. पत्नी-पती आणि मुलांना मोजणं थांबवलं, तर आकड्याला हात न लावता कर्मचाऱ्यांसाठीची कार्डं दुपटीहून अधिक होतात. वाया गेलेली कार्डं परत वापरात आणली तर आणखी भर पडते. मर्यादा या दोन्हींबरोबर काढली, तर इतरांच्या ताटातलं फार कमी जाईल.

अमेरिकेचं यात नुकसान काय, तेही दिसलं आहे. जुलै २०२३ मध्ये कॅनडाने अमेरिकेतल्या एच-१बी धारकांसाठी १० हजार जागांची खास योजना उघडली. दोन दिवसांच्या आत सगळ्या जागा भरल्या.

पोस्ट आली तर काय बघायचं?

‘मंजूर’ हा शब्द आला की कुठे मंजूर, हे आधी बघा. समितीत, एका सभागृहात की दोन्हीकडे? राष्ट्राध्यक्षांची सही झाली का? अमेरिकन संसदेच्या संकेतस्थळावर विधेयकाचा क्रमांक टाकला की ते कुठल्या टप्प्यावर आहे ते दिसतं. दर दोन वर्षांनी नवी संसद येते आणि अडकलेली विधेयकं रद्द होतात, त्यामुळे पोस्टमधलं वर्षही तपासा. २०१९ ची बातमी आजही ताजी म्हणून फिरते. स्वतःच्या नंबरासाठी व्हिसा बुलेटिन बघावं. पुढच्या महिन्याचं बुलेटिन साधारण आधीच्या महिन्याच्या मध्यावर येतं. त्यात भारताचा रकाना वेगळा असतो.