जिंगोवाद

स्वतःच्या राष्ट्राच्या सामर्थ्याची फुशारकी मारत युद्धासाठी उतावीळ होण्याची वृत्ती. ‘बाय जिंगो’ हा इंग्रजीतला जुना शपथवजा उद्गार. सतराव्या शतकात जादूगारांच्या तोंडी तो आढळतो. त्याला राजकीय अर्थ चिकटला तो रशिया-तुर्कस्तान युद्धाच्या (1877-78) काळात. रशियन फौजा कॉन्स्टँटिनोपलजवळ पोहोचताच ब्रिटनचे पंतप्रधान डिझरायली यांच्या सरकारने आरमार दार्दानेल्सकडे धाडले. त्याच सुमारास लंडनच्या संगीतगृहांत जी. एच. मॅकडर्मट यांनी गायलेले, जी. डब्ल्यू. हंट यांचे गीत कमालीचे गाजले; त्याच्या धृपदातच ‘बाय जिंगो’ हा उद्गार होता. लढायची इच्छा नाही असे आधी सांगायचे आणि लगेच जहाजे, माणसे, पैसा यांची यादी वाचायची, असा त्याचा नूर होता. ही नाराजी लटकी, हे श्रोत्यांना पक्के ठाऊक असावे. गर्दीने युद्धविरोधी उदारमतवादी नेते ग्लॅडस्टन यांच्या घराच्या खिडक्याही फोडल्या. मार्च 1878 मध्ये जॉर्ज होलिओक यांनी ‘डेली न्यूज’मधील पत्रात अशा मंडळींना ‘जिंगो’ म्हटले आणि ती हेटाळणी रूढ झाली.

उतावळेपणा लंडनच्या प्रेक्षागृहात असला, तरी शिपाई इतरत्रचे होते. त्या वर्षी सुमारे 7,000 हिंदी सैनिक मुंबईहून माल्टाला रवाना झाले. प्रत्यक्ष लढाई मात्र टळली. बर्लिन परिषदेत तडजोड झाली आणि सायप्रसचा कारभार ब्रिटनकडे आला. पुढे दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाच्या वेळचा उन्माद पाहून ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जे. ए. हॉब्सन यांनी 1901 मध्ये जिंगोवादाच्या मानसशास्त्रावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. वृत्तपत्रे व संगीतगृहे हा उन्माद कसा पोसतात, याची त्यांनी केलेली चिकित्सा आजही वाचनीय आहे.