वेटोळें घालणारा वारा

‘सायक्लोन’ हा शब्द १८४८ सालीं प्रचारांत आणला तो कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टन यांनीं. हे गृहस्थ तेथील सागरी चौकशी-न्यायालयाचे अध्यक्ष होते. वादळांत सांपडलेल्या जहाजांच्या रोजनिशा त्यांनीं वर्षानुवर्षें ताडून पाहिल्या. वारा सरळ रेषेंत न वाहतां सर्पाच्या वेटोळ्याप्रमाणें मध्याभोंवतीं फिरतो, या रेडफील्ड व रीड यांच्या मताची त्यांना खातरी पटली आणि त्यांनीं ग्रीक भाषेवरून हें नांव घडविलें.

समुद्राचें पाणी साधारण २६ अंश सेंटिग्रेडहून अधिक तापलें म्हणजे वाफ वर चढते. तिचें पुन्हां पाणी होतांना पोटांतली उष्णता बाहेर पडते, हवा आणखी वर उचलली जाते, खालचा दाब उतरतो व भोंवतालचा वारा तिकडे धांवतो. पृथ्वीच्या परिवलनामुळें तो वांकतो आणि उत्तर गोलार्धांत घड्याळाच्या कांट्यांच्या उलट फिरूं लागतो. विषुववृत्तालगत हा पीळ पडत नाहीं. म्हणून तेथें अशीं वादळें सहसा होत नाहींत.

परंतु वाऱ्याहून पाणी घातक. मातला नदीवर नवें बंदर वसविण्याचा घाट घातला गेला, तेव्हां वादळाबरोबर समुद्र गांवावर चढेल, असा इशारा पिडिंग्टन यांनीं १८५३ सालीं लॉर्ड डलहौसीला दिला. तो मानला गेला नाहीं; तज्ज्ञाचें ऐकण्याची घाई सरकारांना क्वचितच असते! पिडिंग्टन १८५८ सालीं वारले. १८६४ च्या ऑक्टोबरांत कलकत्त्याच्या वादळांत सुमारें ६०,००० माणसें दगावलीं. आणि १८६७ सालीं सहा फूट उंच लाटेनें कॅनिंग बंदर उद्ध्वस्त केलें.

हिंदुस्थानचें हवामान खातें निघालें तें १८७५ सालीं. त्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड हे कलकत्त्याच्या त्याच वादळाच्या अहवालाचे एक कर्ते होत.