पहिला सोबती : पोकेमॉन मालिकेतील आरंभीच्या जीवांची ओळख

पोकेमॉन ही जपानमध्ये जन्मलेली व्हिडिओ गेमची मालिका असून, काल्पनिक जीव पकडणे, त्यांना वाढविणे आणि इतरांच्या जीवांशी त्यांची झुंज लावणे हे तिचे मूळ सूत्र आहे. या मालिकेतील जीवांची संख्या आज एक हजाराच्या पुढे गेली आहे. तथापि, खेळाडूच्या स्मरणात कायमचे घर करतो तो बहुधा पहिलाच जीव. खेळाच्या प्रारंभी एक प्राध्यापक खेळाडूसमोर तीन जीव ठेवतात आणि त्यांतील एक निवडण्यास सांगतात. या तिघांना ‘स्टार्टर’ म्हणजे आरंभीचे जीव असे संबोधले जाते. निवड एकदाच करता येते आणि ती बदलता येत नाही. मालिकेच्या रचनेचा पाया याच लहानशा प्रसंगात घातलेला आहे.

उगम

पोकेमॉनची कल्पना सातोशी ताजिरी यांची. लहानपणी त्यांना कीटक गोळा करण्याचा छंद होता. शहरीकरणात शेते आणि तळी नाहीशी होत असताना नव्या पिढीला तोच आनंद पडद्यावर मिळावा, अशी त्यांची धारणा होती. ‘गेम फ्रीक’ या त्यांच्या संस्थेने तयार केलेले ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे पहिले दोन खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी निन्टेन्डोच्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी जपानमध्ये प्रसिद्ध झाले.

या खेळांतील प्राध्यापक ओक यांच्या टेबलावर तीन जीव होते : पाठीवर कंद असलेला बुल्बासॉर, शेपटीच्या टोकाशी ज्योत तेवणारा चारमँडर आणि कासवासारखा स्क्वर्टल. त्यांची जपानी नावे अधिक सरळ आहेत. फुशिगिदाने म्हणजे अद्भुत बीज, हितोकागे म्हणजे आगीची पाल आणि झेनिगामे म्हणजे तळ्यातील कासवाचे पिल्लू.

तृण, अग्नी आणि जल

आरंभीच्या त्रयीत एक जीव तृणवर्गाचा, एक अग्निवर्गाचा आणि एक जलवर्गाचा असतो. जल अग्नीला विझविते, अग्नी तृणाला जाळतो आणि तृण जल शोषून घेते. दगड-कागद-कात्री या खेळाप्रमाणे येथेही कोणीच सर्वश्रेष्ठ नसतो. अनुकूल वर्गाचा हल्ला दुप्पट परिणाम करतो, तर प्रतिकूल वर्गाचा हल्ला निम्म्यावर येतो. वाचता न येणाऱ्या मुलालाही हा नियम उमगतो. कारण तो निसर्गात दिसणारा आहे. पुढे भेटणाऱ्या डझनाहून अधिक वर्गांच्या गुंतागुंतीची ही जणू बाराखडी होय.

निवड समतोल असली तरी समान नसते. पहिल्या खेळातील पहिला मोठा प्रतिस्पर्धी ब्रॉक हा खडकवर्गाचे जीव बाळगतो. त्याच्यापुढे बुल्बासॉर आणि स्क्वर्टल सहज टिकतात, चारमँडरची मात्र दमछाक होते. दुसरी प्रतिस्पर्धी मिस्टी जलवर्गाची असल्याने तेथेही चारमँडरची परीक्षाच असते. त्यामुळे बुल्बासॉर नवशिक्यास सोपा आणि चारमँडर कठीण, असा समज खेळाडूंमध्ये रूढ झाला. कष्ट सोसणाऱ्यास पुढे पंख असलेला चारिझार्ड लाभतो, हे त्या कठीण वाटेचे आकर्षण ठरले.

नऊ पिढ्या, नऊ त्रयी

मालिकेचे मुख्य खेळ पिढ्यांत विभागले जातात. प्रत्येक पिढीत नवा प्रदेश आणि नवी त्रयी येते. पुढील यादीत तृण, अग्नी आणि जल असा क्रम ठेवला असून, जपानमधील प्रथम प्रकाशनाचे वर्ष दिले आहे.

पहिली (१९९६), कांतो : बुल्बासॉर, चारमँडर, स्क्वर्टल.
दुसरी (१९९९), जोहतो : चिकोरिटा, सिंडाक्विल, टोटोडाइल.
तिसरी (२००२), होएन : ट्रीको, टॉर्चिक, मडकिप.
चौथी (२००६), सिनो : टर्टविग, चिमचार, पिपलप.
पाचवी (२०१०), युनोव्हा : स्नायव्ही, टेपिग, ओशावॉट.
सहावी (२०१३), कालोस : चेस्पिन, फेनेकिन, फ्रोकी.
सातवी (२०१६), अलोला : राउलेट, लिटेन, पॉप्लिओ.
आठवी (२०१९), गालार : ग्रूकी, स्कॉरबनी, सॉबल.
नववी (२०२२), पाल्देआ : स्प्रिगातितो, फुएकोको, क्वाक्सली.

यांतील प्रत्येक जीव दोनदा रूपांतरित होतो. म्हणजे मूळ सत्तावीस जीव आणि त्यांची पुढची रूपे मिळून ही संख्या एक्याऐंशी होते. पाल्देआ हा प्रदेश इबेरियन द्वीपकल्पावर बेतलेला असल्याने तेथील नावांना स्पॅनिश वळण आहे. स्प्रिगातितोमधील ‘गातितो’ म्हणजे मांजराचे पिल्लू, तर फुएकोकोत ‘फुएगो’ म्हणजे अग्नी दडलेला आहे. पोर्तुगीज भाषेचा कानाला परिचय असलेल्या गोमंतकीय वाचकास यातील गंमत चटकन कळावी.

रचनेतील परिवर्तने

तिसऱ्या पिढीपासून या जीवांना स्वतंत्र अंगभूत गुण मिळाले. जीवाची शक्ती एक तृतीयांश किंवा त्याहून कमी उरली, की त्याच्या वर्गाचे हल्ले दीडपट प्रभावी होतात. हरत आलेला सोबती शेवटच्या क्षणी बाजी पलटवू शकतो, ही भावना या नियमातून निर्माण होते.

अंतिम रूपांना दुसरा वर्ग जोडण्याची प्रथाही हळूहळू वाढली. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या अशा सलग तीन पिढ्यांत अग्निजीवाला मल्लवर्गच जोडला गेला आणि त्याबद्दल चाहत्यांनी नाराजी व्यक्त केली. सहाव्या पिढीत मल्ल, मानस आणि तम या वर्गांचा दुसरा त्रिकोण मूळ त्रिकोणाच्याच दिशेने बसविण्यात आला. नवव्या पिढीत मात्र दुसरे वर्ग उलट दिशेने फिरतात. तृणजीव मूळ नियमाने अग्निजीवापुढे दुबळा असला, तरी त्याचा तमवर्ग अग्निजीवाच्या भूतवर्गावर मात करतो. मुलांसाठी मानल्या गेलेल्या खेळात असा हिशेब मांडलेला असतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

प्रतिस्पर्ध्याची भूमिकाही पालटली. पहिल्या खेळात प्राध्यापकांचा नातू खेळाडूच्या निवडीनंतर मुद्दाम त्यावर मात करणारा जीव उचलतो. अलोला, गालार आणि पाल्देआ येथील सवंगडी मात्र खेळाडूच्या जीवापुढे दुबळा ठरणारा जीव घेतात. वैराची जागा मैत्रीने घेतली. त्याबरोबर आव्हानही सौम्य झाले.

पिकाचूचा अपवाद

या मालिकेचा सर्वांत प्रसिद्ध चेहरा असलेला पिकाचू मूळ त्रयीत नव्हता. १९९७ साली सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेत नायक ॲश सकाळी उशिरा पोहोचतो, तोपर्यंत तिन्ही जीव संपलेले असतात आणि उरलेला पिकाचू त्याच्या वाट्याला येतो. या मालिकेच्या लोकप्रियतेमुळे १९९८ च्या ‘यलो’ या खेळात पिकाचू हाच एकमेव आरंभीचा जीव ठेवण्यात आला. येथे निवडीचा हक्क नाही, परंतु पिकाचू खेळाडूच्या मागोमाग चालतो. निवडीच्या बदल्यात सहवास असा हा सौदा होता.

जुळ्या शहरांपासून पणजीपर्यंत

भारतात या जीवांची ओळख झाली ती प्रामुख्याने दूरचित्रवाणीवरून. कार्टून नेटवर्कवर २००३ पासून ही मालिका दिसू लागली. गेम बॉय मोजक्याच घरांत असल्याने सिकंदराबाद असो वा पणजी, बहुसंख्य मुलांनी चारमँडर पाहिला, त्याच्यासाठी वाद घातले, पण तो कधी स्वतः निवडला नाही. मुख्य खेळ पाल्देआपर्यंत नऊ भाषांत निघाले. त्यांत एकही भारतीय भाषा नव्हती.

ही स्थिती ‘पोकेमॉन गो’ या मोबाइलवरील खेळाने बदलली. १४ डिसेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओच्या सहकार्याने तो भारतात अधिकृतपणे उपलब्ध झाला. खऱ्या नकाशावर चालत जाऊन जीव पकडायचे असल्याने शहराचा भूगोलच खेळाचे पटांगण झाला. पाणवठ्याजवळ जलवर्गाचे जीव अधिक आढळावेत, अशी त्याची मांडणी होती. सिकंदराबाद आणि हैदराबाद यांना जोडणारा हुसेनसागर किंवा मांडवीचा काठ यांसारखी ठिकाणे त्यामुळे खेळाच्या दृष्टीनेही महत्त्वाची ठरतात. येथेही सुरुवातीस तेच तीन जीव समोर येतात; त्यांना वारंवार टाळून पुढे चालत राहिल्यास पिकाचू प्रकट होतो. पुढे या खेळाला हिंदी रूपही मिळाले.

तथापि, एक मूलभूत फरक राहतो. मोबाइलवरील खेळात न निवडलेले दोन जीवही पुढे वाटेत सापडतात आणि पहिल्या निवडीचे वजन उरत नाही. १९९६ च्या खेळात एका यंत्रावर एकच आरंभीचा जीव मिळे. उरलेले दोन हवे असतील, तर ते निवडलेल्या दुसऱ्या मुलाला शोधून, दोन यंत्रे तारेने जोडून अदलाबदल करावी लागे. संग्रह एकट्याने पूर्ण होऊच नये, हा ताजिरींच्या रचनेचा हेतू होता. दुसऱ्या पिढीपासून अंड्यांतून पिल्ले मिळू लागली. आपला सोबती न गमावता त्याचे पिल्लू मित्राला देणे शक्य झाले.

या दृष्टीने पाहता ‘तिघांपैकी कोण श्रेष्ठ’ हा चिरंतन वाद निरर्थक ठरतो. प्रत्येक जीव एकाला हरवितो आणि दुसऱ्याकडून हरतो. जे आपण सोडून देतो ते दुसऱ्या कुणाच्या तरी हाती असते आणि ते मिळविण्याचा मार्ग त्या माणसाकडून जातो. आरंभीच्या जीवांची निवड मुलांना हिशेब शिकविते, त्याचबरोबर देवाणघेवाणही शिकविते. आणि जेथे ही देवाणघेवाण अनावश्यक झाली, तेथे खेळ सोपा झाला असला तरी काहीसा एकाकीही झाला आहे.